पाणी, ताक, दही

कुंदे, तुझ्या बाबांनी पुण्याला पत्र घातलं. "चि. कुंदा अल्पशा तापाचे निमित्त होऊन देवाघरी गेली." पाकीट बंद करण्याआधी त्यांनी ते मला वाचून दाखवलं. मी शाळामास्तरीण ना, शुद्धलेखन बघायला. शुद्धलेखनात चूक नव्हती. मी म्हटलं, "दादा, ताप तीन दिवस होता. मूत्रपिंडाचा आजार सव्वा वर्ष होता." तर तो म्हणाला, "सगळंच कशाला लिहायचं? लघवीचा आजार म्हटलं की लोक भलते अर्थ काढतात. मुलीची जात आहे."

नऊ वर्षांची पोर गेली, तिची राख गंगेला मिळाली, तरी तिची जात सांभाळायची राहिलीच आहे. मला त्या पत्राची शिसारी आली. आणि तरी मीच त्याला तिकीट लावलं आणि मीच ते पेटीत टाकलं. तुझी आत्या तोंडाने फटकळ आहे, हाताने मुकाट्याने सगळं करते, हे तुला माहीत होतंच.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत आपल्या भवानीपूरच्या तीन खोल्यांत कलकत्त्यातलं यच्चयावत मराठी माणूस येऊन बसून गेलं. "सुटली हो पोर." "देवालाही चांगलीच माणसं लागतात." एकीने तर तुझ्या आईला सांगितलं, "मुलगी होती ते एक बरं, मुलगा असता तर..." आणि मग चहाचा कप पुढे केला, साखर कमी आहे म्हणून. मी आत जाऊन साखर आणली. कपात मीठ घालावंसं वाटत होतं. तुला सव्वा वर्ष मीठ वर्ज्य होतं, त्यातलं थोडं त्यांच्या वाट्याला.

याच बायकांनी तुला बक्षीस दिलं होतं, आठवतं? गेल्या वर्षीच्या संक्रांतीला. आपल्या मराठी घरांतल्या बायका आळीपाळीने एकेकीकडे जमतात, त्यांनी तिळगुळाच्या दिवशी 'सुदृढ बालक' अशी स्पर्धा ठेवली. तू आठ वर्षांची. तीन आठवड्यांत गाल वर आले होते, हातपाय गोल झाले होते, परकराची नाडी पुरत नव्हती. जो तो म्हणायचा, "कलकत्त्याचं पाणी मानवलं हो हिला!" आपल्या लोकांचं हे ठरलेलं वाक्य. बदली होऊन इथे आलेलं मूल वाळलं तरी कलकत्त्याचं पाणी आणि भरलं तरी कलकत्त्याचं पाणी. परीक्षक म्हणून मला बसवलं, कारण मी मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवते. मी तुझे दात पाहिले, नखं पाहिली, केस विंचरलेत का ते पाहिलं, आणि वजनाला दहापैकी दहा गुण दिले. भाचीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी इतरांनाही विचारलं. सगळ्यांचं एकमत होतं.

ते वजन पाण्याचंच होतं. कलकत्त्याचं नव्हे, तुझ्याच रक्तातून झिरपून कातडीखाली साचलेलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात फळ्यावर लिहून देते. फळ्यासमोर कोण उभं असतं ते मुलींना ठाऊक नाही.

ओळखलं ते खालच्या मजल्यावरच्या दत्तबाबूंनी. जन्मभर कंपाउंडरी केलेला म्हातारा. तू त्यांच्या ओट्यावर बसून चपला काढत होतीस आणि पट्ट्याची खूण पायात रुतून राहिली होती. त्यांनी तुझ्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि मला हाक मारली. "पा टिपे देखेछेन, दिदि? गर्तो होये जाच्छे." पाय दाबून पाहिलात का, खड्डा पडतोय. त्यांच्या अंगठ्याचा खळगा तुझ्या पायावर तसाच होता, कणकेत बोट दाबल्यासारखा. तू त्यात आपलं बोट घालून हसलीस. मला मळमळलं. पहिली मळमळ ती.

मुलांचे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी भेटले. बारीक, गंभीर, भराभर बोलणारा बंगाली माणूस. त्यांनी तुझी लघवी एका काचेच्या नळीत घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर नळीचा वरचा भाग तापवला, आंबट वासाच्या औषधाचे दोन थेंब टाकले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती गोठली. तुझे बाबा खिडकीपाशी गेले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड म्हणजे चाळणी. हिची चाळणी सैल झाली आहे, अंगातलं सत्त्व गळून जातं, म्हणून पाणी साठतं. मुलांना होतं असं, पुष्कळांना होतं. बरं वाटतं, परत उलटतं. परदेशातून नवीन गोळ्या यायला लागल्या आहेत, त्या देऊन बघू. मीठ बंद. आणि रोज सकाळी घरी ही नळी तापवायची, वहीत लिहायचं. ज्या दिवशी गढूळ होईल, त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. पोटात पाणी भरलं आणि त्यात ताप आला तर माझ्या हातात फारसं काही राहत नाही. मग मला उद्देशून, बोट वर करून, "एकदिनो बाद देबेन ना." एकही दिवस चुकवू नका.

इतकी साधी गोष्ट होती, कुंदे. एक नळी, एक दिवा, दोन थेंब, चार मिनिटं. तुझा जीव त्या चार मिनिटांवर होता आणि ते आम्हा तिघा मोठ्या माणसांना त्यांनी समजावून सांगितलं होतं.

घरी आल्यावर वाद सुरू झाला तो नळी कुठे तापवायची याचा. स्वयंपाकघरात शक्यच नाही. मधल्या खोलीत देव. बाहेरच्या खोलीत येणारेजाणारे. तुझी आई म्हणाली, "वन्सं, घरात लघवी उकळायची? पेटलेल्या दिव्यावर? माझ्याच्याने नाही व्हायचं हो हे. मला उलटी येते." तिला खरंच यायची. दादा म्हणाला, "प्रयोगशाळेत पाठवत जाऊ." रोज? "निदान आठवड्याने." आणि तो वर्तमानपत्र घेऊन बाहेर जाऊन बसला. या माणसाने नंतर तुझ्या गोळ्यांसाठी एस्प्लनेडची औषधाची दुकानं पालथी घातली, पावसात भिजत, तीन तीन दिवस. ते मी नाकारत नाही. गोळ्या घेऊन आला की दारातूनच डबी हलवून वाजवायचा आणि तू धावायचीस. पण त्याने नळीला बोट लावलं नाही. गोळी बाजारातून येते, नळीत जे येतं ते अंगातून येतं, आणि आमच्या घराला अंगाचं वावडं आहे.

तेव्हा राहिले मी. मोरीच्या कोपऱ्यात उलटी बादली ठेवून तिच्यावर दिवा मांडायचे. पदर नाकाला. तू शेजारी उकिडवी बसायचीस आणि तुला कसली म्हणून किळस नव्हती. पहिल्याच आठवड्यात तू नावं ठेवलीस. स्वच्छ राहिलं तर पाणी, गढूळलं तर ताक, गोठलं तर दही. वहीतही तेच लिहायचीस, तुझ्या तिरप्या अक्षरात. डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि अर्थ विचारला. तू बंगालीत समजावून सांगितलंस आणि तो गंभीर माणूस खुर्चीत मागे रेलून हसला. घरी मात्र तुझ्या आईने त्या दिवसापासून ताक सोडलं. "नाव काढू नका," म्हणायची. आपल्याकडे चार महिने कढी झाली नाही.

गोळ्यांनी दह्याचं ताक झालं, ताकाचं पाणी झालं. ज्या सकाळी पहिल्यांदा पाणी आलं, तू मोरीतून ओरडलीस, "आत्या, दिव्यापलीकडचं दिसतंय!" नळीतून माझा चेहरा बघत होतीस. मी पदर खाली घेतला होता तेव्हा, त्या एका दिवशी. त्याच संध्याकाळी आपण ट्रामने मैदानापर्यंत गेलो, पहिल्या वर्गात, पुढच्या बाकावर. तू वाऱ्याला तोंड देऊन बसलीस आणि कंडक्टरशी असं बंगाली बोललीस की त्याला तू बंगाल्याचीच वाटलीस. मला म्हणालीस, "आत्या, मला पाणी खायचंय." इथल्या मुलांसारखं, बंगालीत पाणीही 'खातात'. मी एरवी चूक सुधारली असती. त्या दिवशी म्हटलं, खा बाई, हवं तितकं खा.

आणि मग आपला तो वाद. तो संपलाच नाही. पावसाळ्यात दोन वेळा ताक होऊन गेलं होतं, दोन्ही वेळा त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या वाढवल्या, निभावलं. दिवाळीनंतर एकदा तू माझं शाळेचं पुस्तक उघडून बसलीस आणि मोठ्याने वाचलंस की शरीराच्या कोणत्याही क्रियेची लाज वा घृणा बाळगू नये. मग विचारलंस, "हे तू मुलींना शिकवतेस?"

"हो."

"मग नाकाला पदर का लावतेस?"

"वास येतो म्हणून."

"मला नाही येत. माझीच आहे म्हणून नाही येत का? मग आत्या, मी तुझी नाही?"

मी तुला रागावले. काय बोलले ते सांगायची लाज वाटते, पण तुझ्यापाशी काय लपवायचं, तू ऐकलंच आहेस. म्हटलं, "चुरूचुरू बोलू नकोस, हे सगळं तुझ्यासाठीच करावं लागतंय." करावं लागतंय. तू वही मिटलीस. त्यानंतर कधी तो विषय काढला नाहीस आणि मी उत्तर द्यायची राहिले. उत्तर सोपं होतं. तू माझीच होतीस. किळस तुझी नव्हती, माझ्या अंगात ती लहानपणापासून मुरवलेली होती, सोवळ्याओवळ्याबरोबर, शिवाशिवीबरोबर, आणि बी.ए. होऊनही ती धुऊन निघाली नव्हती. एवढं म्हणायला चार मिनिटंही लागली नसती.

चैत्र आला. तुझ्या आईने चैत्रगौर मांडली आणि हळदीकुंकवाचा दिवस ठरवला. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. सगळं घर धुऊन काढलं. मोरीसुद्धा. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वन्सं, गौर उठेपर्यंत तेवढं ते घरात नको. पाया पडते तुमच्या." तू दाराआड होतीस. मी काही बोलायच्या आत तूच पुढे आलीस. "मी गच्चीवर करीन. मला सगळं येतं. आत्याने नुसतं वहीत बघायचं." तुझी आई रडवेली होऊन तुला कुरवाळायला लागली, किती शहाणी गं माझी बाय. मीही म्हटलं, शहाणी आहे. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपरांचा ढीग होता, ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला बरं वाटलं, कुंदे. रोज सकाळी त्या वासापासून सुटका. मला अगदी मनापासून बरं वाटलं.

नऊ वर्षांची मुलगी दिवा, नळी आणि झाकलेलं भांडं घेऊन तीन मजले चढायची, आणि खाली आम्ही गौरीपुढे रांगोळी काढायचो. वहीत रोज 'पाणी'. मी शाळेत निघताना विचारायचे, "काय गं?" तू म्हणायचीस, "पाणी." हळदीकुंकवाला बायका आल्या आणि पुन्हा तुझे गाल पाहून म्हणाल्या, "छान भरली हो आता!" डाळ तुला मिठाची म्हणून नव्हती. तू सगळ्यांना पानावर वाढलीस.

नवव्या दिवशी ताप चढला. पोट टणक, हात लावू देईनास. दादाने टॅक्सी आणली. रुग्णालयात डॉक्टरांनी नर्सच्या हातून नळी घेऊन स्वतः तापवली. दही. इतकं घट्ट की त्यांनी नळी उलटी केली तरी थेंब पडेना. मग त्यांनी वही मागितली, आणि नऊ दिवसांचं 'पाणी' पाहून वही हळूच मिटली.

पेनिसिलिनची सुई दर चार तासांनी चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला जरा हुशारी होती. तुझी आई घरी गेली होती. मी विचारलं, का गं असं केलंस? तू म्हणालीस, पहिल्याच दिवशी गच्चीवर ताक झालं होतं. सांगायला खाली आलीस, तर आई गौरीला वस्त्र नेसवत होती, आणि मी दारात उभी होते. "तू विचारलंस ना काय गं, तेव्हाच तुझं तोंड असं झालं होतं." तू तोंड करून दाखवलंस. माझंच तोंड होतं ते, हुबेहूब. "मी म्हटलं, आपोआप पाणी होईल. गौर उठली की सांगू. सगळ्यांना किळस येते ना."

तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आता घरात एक समजूत तयार झाली आहे आणि तिच्यावर सगळे निजतात. दादा म्हणतो, "पोरीनेच लपवलं, आपण तरी काय करणार?" तुझी आई रडता रडता तेच म्हणते, शहाणी होती, पण लपवलंन्, आम्हांला कळू दिलं नाहीन्. समाचाराला येणाऱ्या बायकांना हळू आवाजात हे सांगितलं जातं, आजाराचं नाव न घेता, की मुलीने अंगावर काढलं. बायका चकचक करतात. कुणी म्हणतं, मुलं अशीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मूठ आता तुझ्या अंगावर झाकली आहे. हे ऐकलं की मला या माणसांची, या चहाच्या कपांची, त्या चौरंगावरून उठवलेल्या गौरीचीसुद्धा घृणा येते. मी उठून गच्चीवर जाते. तिथे कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटवर अजून एक पांढुरका डाग आहे. तू तिथे नळी ओतायचीस. मी तो धुतलेला नाही.

पण तुला सांगायचं आहे ते वेगळंच. ते मी दादालाही सांगितलेलं नाही.

तू गच्चीवर जायला लागलीस, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी तुझी वेणी घालत होते. तू माझ्याकडे पाठ करून बसली होतीस, समोर आरसा. आरशात तुझ्या पापण्या दिसल्या. वरच्या पापण्या जड, चकचकीत, डोळे बारीक झालेले. सव्वा वर्ष रोज सकाळी मी तेच तर बघत आले होते. मला एका नजरेत कळलं. तूही आरशातून माझ्याकडे बघत होतीस, थांबून, जणू काही मी विचारीन म्हणून. मी विचारलं असतं तर मला तुझ्याबरोबर गच्चीवर यावं लागलं असतं, नळी हातात धरावी लागली असती. मी म्हटलं, "झोप झाली नाही वाटतं?" तू म्हणालीस, "नाही झाली." मी रिबीन बांधली आणि शाळेत गेले. पाचव्या दिवशी वेणी मी आरशासमोर घातली नाही, खिडकीपाशी घातली.

आणि तुला भरती केलं त्या दिवशी, वही मिटल्यावर, डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, चेहऱ्यावर सूज आली असेल, तुमच्या लक्षात नाही आली? तुम्ही तर रोज बघणाऱ्या. मी म्हटलं, "नाही." तुझे डोळे मिटलेले होते, मला वाटलं ग्लानीत आहेस. तू डोळे उघडलेस. आधी माझ्याकडे पाहिलंस, मग डॉक्टरांकडे, आणि म्हणालीस, "आमि लुकियेछि. पिशि जाने ना." मी लपवलं, आत्याला माहीत नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.